काळ्या पाण्याची भाकरी

सख्ख्या बहिणीचं चांगलं झालं की माणूस 'बरं झालं बाई' असं म्हणतं. त्यातलं 'बरं' ओठातून येतं आणि 'बाई' पोटातून. सोजरबाईच्या पोटात तर त्या दिवाळीच्या तोंडावर चूलच पेटली होती, आणि बाहेरच्या चुलीपुढं बसून ती धाकट्या बहिणीच्या प्रवासासाठी भाकऱ्या थापत होती.

धाकटी रंभा अंदमानला निघाली होती. तिचा नवरा मानसिंग सोलापुरात तारखात्यात नोकरीला. सरकार आपल्या नोकरांना काही वर्षांतून एकदा बायकोसकट देश बघायला पाठवतं आणि जाण्यायेण्याचं भाडंही भरतं. बाकीचे शहाणे लोक या सवलतीत तिरुपती नाहीतर काशी करून येत आणि चार घरी प्रसाद वाटत. मानसिंगाच्या डोक्यात मात्र बेट शिरलं. मद्रासपर्यंत आगगाडी, तिथून बोट आणि मग दिवसचे दिवस नुसतं पाणी. सोजरचा नवरा कुंडलिक कापडाच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. त्याच्या गिरणीची सवलत एकच. साचे बंद पडले की घरी बसायचं.

"अक्का, बोटीत खायाला काय मिळतंय कुणाला ठावं," रंभा म्हणाली होती. "तुज्या हातच्या कडक भाकरी दे की करून. माज्या टिकत न्हायत."

ते खरंच होतं. रंभाची भाकरी मधे जाड राहायची आणि दोन दिवसांत बुरशी धरायची. सोजर ती कागदासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजून मग निखाऱ्याच्या कडेला उभी करून वाळवायची, पापडासारखी वाजेपर्यंत. महिनाभर त्या भाकरीला काही होत नसे. म्हणजे बहिणीनं कौतुकच केलं होतं. पण जळणाऱ्याला कौतुकही तिखट लागतं. ती फिरायला जाणार आणि आपण तिची शिदोरी बांधणार, एवढाच त्याचा अर्थ सोजरनं काढला. तरी भाकऱ्या एकीपेक्षा एक पातळ झाल्या, कारण वाईट भाकरी करणं तिच्या हाताला येतच नव्हतं. वर शेंगांची चटणीही कुटून दिली. शेजारची काशम्मा दारात उभी राहून म्हणाली, "नशीब काढलं बघा तुमच्या बहिणीनं."

"व्हय की," सोजर म्हणाली. "बरं झालं बाई."

खरं सांगायचं तर त्या बेटाचं आणि बोटीचं सोजरला एवढं काही नव्हतं. दुखणं दुसरीकडंच होतं, आणि ते म्हणजे आबा.

आबा म्हणजे दोघींचे वडील, ज्ञानबा. केमजवळच्या वस्तीवर राहायचे. आयुष्यभर शेत सोडून कुठं गेले नाहीत, पण कान मात्र फिरायला आसुसलेले. केम स्टेशनातून गाडी सुटली की हातातलं खुरपं थांबवून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत बसायचे. सोजर लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हापासून दर खेपेला ती माहेरी गेली की आबा तिला शेजारी बसवून म्हणत, "सांग गं सोजर, काय काय बगितलंस." मग सोजर गड्ड्याच्या जत्रेतला मोटारसायकलचा खेळ, गिरणीचा भोंगा, रंगाच्या कारखान्यापुढून वाहणारं लाल-निळं पाणी असं काही सांगायची की आबांचा पानाचा विडा हातातच राहायचा. ती नुसती मंडईत जाऊन आली तरी तिच्या तोंडून ऐकताना लंकेला जाऊन आल्यासारखं वाटे. रंभाला हे जमत नसे. ती आपली बाजूला गप्प बसून शेंगा फोडायची. रूप, शिक्षण, नोकरदार नवरा, सगळं रंभाच्या वाट्याला आलं होतं, आणि सोजरच्या वाट्याला आबांचा कान. आता रंभा समुद्र ओलांडून येणार होती. मग गड्ड्याची जत्रा कोण ऐकणार?

भाऊबीजेला सोजर एकटीच वस्तीवर गेली. आई जाऊन काही वर्षं झाली होती. घरात आबा आणि धाकटा भाऊ रावजी, असे दोघेच. भाकरी आपली आपणच थापत, आणि जे काय होई त्याला भाकरी म्हणत. रावजीचं लग्न टेंभुर्णीत जवळजवळ ठरलं होतं, सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. घरात एक बाईमाणूस येईल, चुलीला हात लागेल, या आशेवर बापलेक दिवस ढकलत होते. पण आबांना रावजीच्या लग्नापेक्षा रंभाच्या बोटीची काळजी जास्त.

"आज कुटं असंल गं रंभी? उतरली असंल का आजून पाण्यावरच असंल?"

सोजरनं मुद्दाम सर्कशीचं काढलं. आबा "व्हय का" म्हणाले आणि पुन्हा विचारलं, "समुद्रात मदी गेल्यावर कड दिसती का गं? का समदीकडं पाणीच?"

आता हे सोजरनं कुठून सांगावं? तिला लई राग आला. आबांचा आला, रंभाचा आला, त्या समुद्राचाही आला.

दुसऱ्या दिवशी आडावर गोजाबाई भेटली. गोजाबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही हे साऱ्या शिवाराला माहीत, आणि सोजर तर तिच्या अंगणात खेळून मोठी झालेली.

"सोजर, येकलीच आलीस? रंभी न्हाय आली ती भाऊबीजंला?"

"न्हाय. काळ्या पाण्याला गेल्यात नवराबायकू."

अंदमान हा शब्द त्या भागात कुणी वापरत नसे. बेट ठाऊक होतं ते काळं पाणी म्हणूनच. इंग्रजाच्या अमदानीत खून-दरोडे करणाऱ्यांना तिकडं धाडत, आणि गेलेला माणूस परत दिसत नसे. त्यामुळं काळं पाणी ही वस्तीवरच्या लोकांना जागा नव्हती, शिक्षा होती. सोजरच्या तोंडून तो शब्द सहज गेला, असं आपण म्हणू.

गोजाबाईची घागर कमरेवरच राहिली. "आगं बया. काय केलं म्हनं त्यानं?"

इथं सोजरला भरपूर वेळ होता. 'फिराया गेल्यात' एवढे दोन शब्द बोलायचे होते. ते जिभेच्या टोकाशी आले आणि तिनं ते गिळले.

"आपल्याला काय ठावं बाई," ती म्हणाली. "सरकारनं धाडलं, गेल्यात."

यातलं एक अक्षर तसं खोटं नव्हतं. भरली घागर घेऊन परत येताना तिला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. हलकं वाटलं याची भीतीही वाटली, पण ती घर येईपर्यंत टिकली नाही.

रंभा परत आली ती उन्हानं रापून काळी पडून. तरी चेहऱ्यावर असं काही होतं की काळी पडलेलीही चांगलीच दिसत होती, आणि सोजरला तेही खुपलं. आल्या आल्या ती अक्काच्या चाळीत आली. शिंपले वाटले, नारळ दिला. मग सोजरच्याच उंबऱ्यावर बसून तिनं सांगायला सुरुवात केली आणि सोजरच्याच शेजारणी भोवती गोळा झाल्या.

रंभाला सांगायची हौस मोठी आणि कसब काही नाही. "पाणी इतकं निळं, इतकं निळं, आता काय सांगू." "पोवळ्याची झाडं असत्यात खाली, मासे फिरत्यात, लई भारी." "हत्ती बगितलं, हरणं बगितली, नारळावर चढणारा खेकडा." आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी, "सांगून कळायचं न्हाय, बगायलाच पायजे."

हे वाक्य ऐकलं की सोजरच्या अंगाची लाही व्हायची. सांगून कळायचं नाही म्हणजे काय? मग आपण आजवर आबांना सांगत होतो ते काय होतं?

पण जळणाऱ्या माणसाचे कान तीक्ष्ण असतात. रंभा अर्धंच सांगायची आणि सोजर उरलेलं खोदून काढायची. निळं म्हणजे कसलं निळं? हत्ती काय करत होते? बोट हलली तेव्हा कोण कुठं बसलं होतं? दुखरा दात असला की जीभ पुन्हा पुन्हा तिथंच जाते, तसं तिचं झालं होतं. रंभा पुन्हा आली की पुन्हा तेच. मग धुणं धुताना, पाणी भरताना सोजर ते सगळं मनात मांडून बघायची आणि तिला नव्यानं संताप यायचा. एवढी मोठी गोष्ट, आणि पडली कुणाच्या तोंडी.

एकदा रंभा जाता जाता म्हणाली, "आन येक म्हातारी भेटली, अक्का. तिचा आजा आपल्याच मुलखातनं शिक्षा हून गेलेला. तिला तुजी भाकरी दिली, तर रडाया लागली."

"मग?"

"मग काय, आमची नाव सुटली."

त्या संध्याकाळी सोजर जेवली नाही. तिच्या हातच्या भाकरीनं समुद्रापलीकडं कुणाला तरी रडवलं होतं, आणि ते बघायला ती तिथं नव्हती. होती ती रंभा, जी 'मग काय' म्हणून मोकळी झाली.

हुरड्याचे दिवस जवळ आले तेव्हा रावजी सोलापुरात आला. तोंड उतरलेलं. जेवायला बसल्यावर म्हणाला, "अक्का, टेंभुर्णीकर मागं सरकाया लागल्यात. का, त्ये सांगत न्हायत. पोरीचा चुलता भिमअण्णा म्हनला, हुरड्याला येतो, आबांच्या तोंडूनच ऐकतो काय त्ये."

सोजरच्या लक्षात सगळं तिथंच आलं. गोजाबाईची भाची टेंभुर्णीतच दिलेली होती. ती खाली बघून भाकरी थापत राहिली. रावजीनं ताटातली भाकरी मोडली आणि हसून म्हणाला, "आमच्या चुलीवर आसली भाकरी कवा हुयाची कुणास ठावं." सोजरनं तोंड चुलीकडं वळवलं आणि धूर डोळ्यांत गेल्यासारखं केलं. आता सांगू, मग सांगू म्हणता म्हणता रावजीची गाडी निघून गेली. नंतर कुंडलिकाला सांगू म्हणाली, तेही राहिलं. वाईट शब्द तोंडातून जातो तेव्हा त्याला पाय असतात, परत यायचं म्हटलं की त्याला पालखी लागते.

हुरड्याच्या दिवशी शेतात आगटी पेटली होती. जमिनीतल्या त्या खड्ड्यात गोवऱ्यांचे निखारे, त्यात ज्वारीची कोवळी कणसं. ती गरम असतानाच तळहातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा, आणि दाणे चटणीबरोबर खायचे. चोळायचं काम सोजरकडं. आबांच्या शेजारी घोंगडीवर रंभा बसलेली. जिथं दर वर्षी सोजर बसायची, तिथंच.

"सांग गं रंभे," आबा म्हणत होते, "कड दिसती का?"

"न्हाय दिसत, आबा. लई मोठा समुद्र. सांगून कळायचं न्हाय."

आबांचं तोंड लहान मुलासारखं हिरमुसलं, तरी त्यांनी पुन्हा विचारलं. सोजरनं कणीस असं रगडलं की तळहात पोळला. भिमअण्णा कुठल्याही घडीला येणार, आपल्या जिभेनं भावाचं घर बसायच्या आधीच उठणार, हे तिला कळत होतं. आणि तरीसुद्धा त्या क्षणी तिच्या मनात एकच होतं, ती घोंगडी.

भिमअण्णा आले, बरोबर दोन माणसं घेऊन. टेंभुर्णीच्या चौकात त्यांचं दुकान होतं, साऱ्या मुलखाचे ट्रकवाले तिथं थांबत, त्यामुळं जगातलं काही आपल्याला ठाऊक नाही असं त्यांना वाटत नसे. त्यांच्यापुढं हुरडा ठेवला. त्यांनी हात लावला नाही. पाहुणा हुरड्याला हात लावत नाही म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं.

"धाकलं जावई दिसंनात," भिमअण्णा म्हणाले.

रंभाला कुणीतरी विचारलं याचाच आनंद झाला. "त्यास्नी सुटका न्हाय मिळाली, अण्णा."

भिमअण्णांनी बरोबरच्या माणसांकडं बघितलं. "काळ्या पाण्याला गेलता म्हनं तुमी दोगं?"

"व्हय की. सरकारनंच पाठवलं. बोटीचं भाडंबी सरकारचंच."

"तितं तुरुंग हाय म्हनत्यात."

"लई मोठा. आमी आत गेलतो. कोठडीत हुबं ऱ्हाऊन बगितलं, नुसता आंधार गुडूप. सांगून कळायचं न्हाय."

एरवी सोजर पोट धरून हसली असती. आता तिच्या हातातलं कणीस हातातच राहिलं. भिमअण्णा धोतर झटकत उठले.

"ज्ञानबा, आमाला आदी सांगायचं हुतं. पोरगी द्यायची तर घर बगावं लागतं. जावई आत बसलाय, उद्या लोक आमाला बोट दाखिवत्याल."

"आत?" आबांना काही समजेना. "कुटं आत?"

रंभाला समजलं. ती घोंगडीवरून उठली. "आवो अण्णा, आमी फिराया गेलतो. त्ये कामावर हायत."

"बाई, आपल्या मानसावर कुनीबी पांघरूण घालतं," भिमअण्णा म्हणाले. "तुमच्या थोरल्या भनीनंच आडावर सांगितलं. समद्या गावाला ठावं हाय. तुमच्या आबासनीच तेवडं ठावं न्हाय."

सगळी तोंडं सोजरकडं फिरली. रावजी आधी समजला नाही, मग समजला, आणि त्यानं मान खाली घातली. ती खाली गेलेली मान सोजरला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागली. आबा तिच्याकडं बघत होते. ते म्हणाले, "सांग गं सोजर. काय बोल्लीस तू?"

सांग गं सोजर. हे शब्द आबांच्या तोंडून पुन्हा ऐकावेत म्हणून तिनं केवढं रामायण केलं होतं, आणि आले ते असे.

तिनं हात पदराला पुसले. "बसा अण्णा," ती म्हणाली. "काळ्या पाण्याला गेल्यात, आसंच म्हनले मी. फिराया गेल्यात, एवडं म्हनाया जीभ वळली न्हाय. भनीचं सुख बगवलं न्हाय मला, दुसरं काय न्हाय. मानसिंग आत बसला न्हाय, बाहीर बसून सरकारच्या तारा करतोय. इंग्रज गेला तवाच ती शिक्षा गेली. आता उठायचं तर उठा. पर आदी त्ये काळं पाणी कसं हाय त्ये ऐका, आन मग सांगा, ही शिक्षा कोण नगं म्हनंल."

भिमअण्णा उभेच राहिले. सोजर बोलायला लागली.

"पयलं म्हंजी, त्ये पाणी काळं न्हायच. सोलापुरात रंगाच्या कारखान्यात धुतलेली चादर पिळत्यात, तवा पयलं जे निळं पाणी गळतं का न्हाय, तसलं. आन इतकं नितळ, की तळाला सुई पडली तर वाकून उचलावी वाटंल. तुमी नावंत बसा आन खाली बगा. खाली शिवार हाय. आपल्या ज्वारीसारकं पोवळ्याचं पीक हुबं हाय, लाल, पांढरं, जांभळं. आन त्यातनं मासे फिरत्यात, पाखरं फिरत्यात तसं. गोफण मारायला कोण न्हाय, म्हनून निवांत."

आबांचा विडा हातातच राहिला.

तिनं बोट सांगितली. मद्रास मागं पडलं की कड दिसत नाही, आबा, पुढं नाही, मागं नाही. आभाळाची परात पालथी घातलेली आणि तुम्ही तिच्या मधोमध. मग सगळ्यांना बोट लागली. साहेब आडवे, मडमा आडव्या, पोटात पाण्याचा घोट ठरेना. ठरली ती एकच चीज, ज्वारीची कडक भाकरी. मग हत्ती आले. "आपल्याकडं बैल मोट वढत्यात, तितं हत्ती झाडांचं वंडं ढकलत समुद्रापातूर नेत्यात. आन कामाची येळ सपली, की वंडा अर्ध्या वाटंत असंना का, टाकून माघारी. आमच्या गिरणीत भोंगा झाल्यावर साचेवालं निघत्यात, अगदी तसं." बरोबरचा एक माणूस हसला. भिमअण्णा हत्ती ऐकता ऐकता केव्हातरी खाली बसले होते, आणि नारळ फोडणाऱ्या खेकड्यापाशी त्यांचा हात हुरड्यात गेला.

मग बाईनं जरा जास्तच केलं. लहान नावेतून जाताना लाटा उठल्या, हे रंभानं सांगितलेलं. सोजरच्या तोंडी मानसिंगानं नावाड्याचे पाय धरले आणि म्हणाला, बाबा, मला बुडवू नको, मेव्हण्याच्या लग्नाला जायचंय. रंभानं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"आन शेवटाला," सोजर म्हणाली, आणि तिचा आवाज आपोआप खाली आला, "येक म्हातारी भेटली. त्या बेटावर समदे असेच, कुनाचा आजा शिक्षा हून आलेला, कुनाचा पणजा. आता समदी हिंदी बोलत्यात, येकमेकात लग्नं करत्यात, कोण कुटला कुनी इचारत न्हाय. ह्या म्हातारीचा आजा आपल्या मुलखातला. गाव कंचं, तिला ठावं न्हाय. मराठी येत न्हाय. तिच्या हातावर 'भाकर हाय, खा' म्हनून भाकरी ठिवली. तिनं ती वाजवून बगितली, तुकडा मोडला, आन म्हनली, 'भाकर'. घरात तेवडा येकच शबुद उरला हुता, आजाचा. आजा मरताना मागत हुता, आन भाकर म्हंजी काय त्ये घरात कुनाला ठावं न्हवतं. त्ये तिला त्या दिवशी कळलं."

यातलं शेवटचं रंभानं सांगितलेलं नव्हतं. पण ते तसंच असणार, याबद्दल सोजरच्या मनात शंका नव्हती. भिमअण्णांनी उपरण्यानं नाक पुसलं.

"बाई," ते म्हणाले, "तुमीबी संगं गेलता व्हय?"

"न्हाय," सोजर म्हणाली. "माजी भाकरी गेलती."

भिमअण्णा मोठ्यानं हसले, मग त्यांची माणसं हसली, मग रावजीही. सोजरला हसू आलं नाही. ते बोलल्यावर तिला खरोखरच वाटलं की आपण गेलो नाही, आणि आता जाणारही नाही. तिचे डोळे भरून आले, आणि या वेळी धुराचं निमित्तही नव्हतं.

सुपारीचा दिवस ठरवून टेंभुर्णीकर गेले. जाताना भिमअण्णांनी हुरडा बांधून घेतला. आबा काठीनं निखारे सारखे करत म्हणाले, "आदी गोजीकडं जा. त्ये दोन शबुद ऱ्हायल्यात, त्ये सांगून ये." आणि थोडं थांबून, "आन मग येऊन हत्तीचं परत सांग."

सोजर निघाली. बांधावरून मागं पावलं वाजली. रंभा येत होती. बराच वेळ दोघी मागंपुढं चालल्या.

"लई जळलीस व्हय, अक्का?"

"लई."

"आन आता?"

"आताबी," सोजर म्हणाली. खोटं बोलायचा तिला कंटाळा आला होता.

रंभा बरोबरीला आली. "मीबी जळले," ती म्हणाली. "आत्ता, तू सांगत हुतीस तवा. गेले मी, बगितलं मी, आन आबा तुज्या तोंडाकडं बगत हुतं. जल्मात येक डाव मला त्यास्नी कायतरी सांगायचं हुतं. म्हनून तर आमच्या ह्यास्नी म्हनलं, काशी नगं, कुनी गेलं न्हाय आसल्या जाग्याला चला."

सोजर चालता चालता थांबली. बेट मानसिंगाच्या डोक्यातलं नव्हतं. बहिणीच्या रापलेल्या तोंडाकडं ती बघत राहिली. शेंगा फोडत बाजूला बसणारी पोर तिला आज पहिल्यांदा दिसली.

"आबांच्या शेजारी तू बस," ती शेवटी म्हणाली. "मी बोलंन, पर बगितलंस तू. मी चुकले की सांग."

"तू चुकत न्हाईस. आमच्या ह्यांनी नावाड्याचं पाय खरंच धरलं हुतं," रंभा म्हणाली आणि तिला हसू फुटलं. मग डोळे पुसत ती म्हणाली, "पुढच्या डावाला तू जा, अक्का. भाकरी मी करून देते."

"तुजी भाकरी मद्रास यायच्या आदीच बुरसंल," सोजर म्हणाली, आणि गोजाबाईच्या दाराकडं वळली.